माथ्यावरचं तांबं

३ ऑगस्ट

चि. ठोक्यास,

अ. उ. आ. आशीर्वाद पुष्कळ आहेत, त्यातला एक तुझ्या उजव्या गुडघ्यासाठी वेगळा काढून ठेवलाय.

तुझं शेवटचं पत्र येऊन अडीच महिने झाले. तुझा हात पत्र्यावर जेवढा चालतो तेवढा पत्रावर चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण चार ओळी खरडायला काय दुकानाला टाळं लावावं लागतं? आणि फोन करतो म्हणू नकोस. मला डाव्या कानाने काहीच नाही आणि उजव्याने सोयीपुरतंच ऐकू येतं. मागच्या वेळी तू म्हणालास गुडघा सुजलाय, मी ऐकलं मुलगा रुसलाय, आणि तुझ्या बिचाऱ्या लेकाला मी दोन पानी समजुतीचं पत्र पाठवून बसले. तेव्हा लिहीच.

आता कामाचं. उत्तरेच्या उतारावर शेवाळ परत आलंय. थोडंथोडकं नाही, गादी अंथरल्यासारखं. कौलांच्या सांध्यांतून फुगून वर आलंय आणि खालच्या ओळीतली दोन कौलं त्याने चक्क उचलून धरलीत. परवा माझ्या टेबलावर, नेमकं शिवणीच्या चौकटीवर, थेंब पडायला लागले. ग्रंथालयाचे जुने अंक बांधायला आलेत, त्यांच्यावर मी अर्धा तास पातेलं धरून उभी होते. ही खोली गळायला लागली तर माझं बाइंडिंगचं काम संपलं म्हणून समज. उत्तरेचा उजेड घरात दुसरीकडे कुठे नाही आणि माझ्या डोळ्यांना दुसरा उजेड चालत नाही.

मला कळत नाही ते हे, की तीन वर्षांपूर्वी तू छपराच्या माथ्यावर तांब्याची पट्टी लावलीस ना? तूच सांगितलं होतंस, पावसाचं पाणी तांब्यावरून वाहिलं की त्यात तांब्याचा अंश उतरतो आणि शेवाळाला तो सोसत नाही. म्हणून तर आईचा हंडा दिला मी. तो हंडा तुलाही हवा होता, मलाही हवा होता, आणि आपण दोघंही तोंडाने नको नको म्हणत होतो. मग मीच म्हटलं, कापून टाक. तुझाही नको, माझाही नको, छपराचा होऊ दे. आई दोघांच्याही डोक्यावर बसली म्हणजे भांडण मिटलं. आठवतं? त्याचा तो पोचा आठवतो का? तू सात वर्षांचा, हंड्यात बसून जिना उतरायला निघाला होतास. हंड्याला पोचा पडला आणि मी आईला सांगितलं माझ्या हातून पडला. पोचा तुझा, थप्पड माझी.

तर आई वर बसलीय आणि तरी शेवाळ येतंय. काय करू ते कळव. तुझ्या बायकोला, आपल्या धाकटीला, माझी आठवण सांग.

लोभ आहेच, तो अधूनमधून कागदावर उतरवत जा.

तुझी ताई


९ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. साष्टांग घालायला गुडघा वाकत नाही, तेवढं पदरात घे.

पत्र वाचून जीव टांगणीला लागला. तू छपरावर चढू नकोस, ही पहिली गोष्ट. शिडीवर उभं राहून लांब दांड्याच्या मऊ कुंच्याने जेवढं पोचेल तेवढंच झाड. झाडताना वरून खाली. खालून वर झाडलंस तर कौलं उचकटतील. नळी लावून पाण्याचा जोरदार मारा कोणी करू म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठव, कौलांवरची साय निघून जाते आणि मग शेवाळ दुप्पट जोमाने धरतं. पन्हाळीत पानं साचली असतील, ती काढून टाक. ती दोन कौलं खालून लाकडी पाचर देऊन बसव.

आणि दुसऱ्या कोणालाही वर चढू देऊ नकोस. पट्टी कौलांखाली दाबून बसवलीय, एखाद्याचा पाय पडला तर सगळंच हलेल. पट्टीला हात लावायचा तर मीच लावीन. सध्या दुकानात मोठ्या धान्यकोठ्यांचं काम अडलंय आणि गुडघ्यामुळे शिडी बंद आहे, नाहीतर उद्याच आलो असतो.

हंड्याची आठवण काढलीस. थप्पड मला अजून आठवते, लागली तुला असली तरी.

धाकटी बरी आहे. तिचा नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा ठोक्या


२१ ऑगस्ट

चि. ठोक्यास,

अ. उ. आ. गुडघ्याचा हिस्सा वेगळा.

तुझ्या हुकमाप्रमाणे सगळं केलं. वरून खाली झाडलं. तीन दिवस लागले, दोन घमेली शेवाळ निघालं, पन्हाळीतून तर अख्खं रोपटं उपटलं. मान अशी धरली की आठवडाभर मी समोरच्या माणसाशी बोलताना आकाशाकडे बघत होते. दूधवाल्याला वाटलं, मी त्याच्यावर रागावलेय.

आणि आज सातवा दिवस. झाडलेल्या जागी पुन्हा हिरवी पूड धरलीय. माझ्या चौकटीवर पुन्हा थेंब. ग्रंथालयाचे अंक मी पलंगावर हलवलेत आणि मी झोपते खुर्चीत.

तुझ्या कामाला मात्र नावं ठेवायला जागा नाही. समोरची शिंपीण तिच्या माडीच्या खिडकीतून बघते, ती सांगत होती की पट्टी अजून काल लावल्यासारखी लखलखते. मला विचारत होती, वर चढून चिंचेने घासतेस की काय. मी म्हटलं, माझ्या भावाचा हात आहे तो. नुसती फुशारकी मारली. पण ती आणखी एक म्हणाली. शेवाळ म्हणे पट्टीला खेटूनच सुरू होतं, मध्ये बोटभरसुद्धा कोरडी जागा नाही. तू म्हणाला होतास ना, पट्टीखालचे हात-दोन हात तरी स्वच्छ राहतील? मग असं का? तांबं थकतं का रे?

मी तुझ्यावर शंका घेत नाहीये, तसं मनातही आणू नकोस. फक्त ही खोली सुटली तर मी करू काय, एवढाच घोर आहे.

उत्तर लवकर दे. लोभाला ओल लागू देऊ नकोस, इथे ओल पुरेशी आहे.

तुझी ताई


२८ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न.

बराच विचार केला. दोष पट्टीचा नाही, सावलीचा आहे. तुमच्या अंगणातल्या त्या झाडाने उत्तरेचा उतार पार झाकून टाकलाय. सकाळचं ऊन नाही, दुपारचं नाही, वारा नाही. वर पानांचा पाऊस वर्षभर चालू. अशा जागी तांबं काय, सोनं ठोकलं तरी शेवाळ हटायचं नाही. मी वीस वर्षं छपरांवर काढलीत, माझं ऐक. उतारावर आलेल्या फांद्या उतरवून घे. पण एका बाजूच्या फांद्या काढल्या की बुंधा घराकडे कलण्याची भीती असते, तेव्हा उतरवणारा माणूस पूर्ण काढा म्हणाला तर पूर्णच काढ.

भाऊजींनी लावलेलं झाड आहे, मला कळतं. पण भाऊजी असते तर तेही हेच म्हणाले असते. झाड राखायचं की खोली, यातलं एकच होणार.

चकाकीचं म्हणशील तर आईच्या वेळचं तांबंच तसं होतं. आता तसं मिळत नाही.

त्या माणसाला छपरावर मात्र पाय ठेवू देऊ नकोस. शिंपीणबाईंना म्हणावं, खिडकी बंद ठेवून शिवा, टाके सरळ पडतील.

माझ्यावर जी माया आहे ती असू दे.

ठोक्या


१९ सप्टेंबर

चि. ठोक्यास,

अ. आ.

झाड उतरवलं.

तुझं पत्र आल्यावर दोन आठवडे मी रोज सकाळी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसत होते आणि रोज मनाशी म्हणत होते, उद्या सांगू. ह्यांनी ते लावलं तेव्हा या घराला दारंसुद्धा बसली नव्हती. खड्डा खणताना फावडं पायावर मारून घेतलं होतं आणि मग सहा आठवडे लंगडत त्यालाच पाणी घालत होते. माझ्या टेबलावर जो उजेड यायचा तो त्याच्या पानांतून गाळून यायचा. आता येतो तो नुसता अंगावर येतो. दुपारी सुईचं नेढं दिसत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. ते पाणी उजेडाचंच असेल असं नाही.

उतरवणारा माणूस चांगला होता. तुझं म्हणणं खरं ठरलं, तोही म्हणाला की फांद्याच काढल्या तर बुंधा घरावर येईल. तेव्हा पूर्ण. दोन दिवस करवत चालली आणि एकदाच आयुष्यात मला कमी ऐकू येतं याचं बरं वाटलं. बुंधा मात्र मी कमरेइतका ठेवायला लावला. माथा सपाट कापलाय, वर वर्तुळं ओली आहेत. मी चहाचा पेला त्याच्यावर ठेवते. तेवढंच.

कामाच्या शेवटी तो म्हणाला, वर चढून पानं झाडून देतो आणि पट्टीही बघतो. मी त्याला चढू दिलं नाही. म्हटलं, माझ्या भावाने सक्त बजावलंय. तो जरा हसला, पण गेला.

आता शेवाळ नाही ना यायचं? नाही म्हण. एवढं केल्यावर नाहीच म्हण.

धाकटीला सांग, माझ्याकडून पत्र गेलं नाही, मनाने लिहवलं नाही. तुझ्याशिवाय मला सल्ला विचारायला कोणी नाही, हे ध्यानात ठेवून लोभ असू दे.

तुझी ताई


२६ सप्टेंबर

ती. वन्संना,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं ह्यांना आलेलं पत्र मी वाचलं. ह्यांनी ते वाचून घडी घातली आणि दुकानात निघून गेले, जेवायलाही आले नाहीत. म्हणून मीच लिहायला बसले. झाडाचं वाचून मला भडभडून आलं. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही मला त्याच्याखालीच बसवलं होतं, आणि भाऊजींनी सांगितलं होतं की या घरात उकडतंय अशी तक्रार करायला बंदी आहे. तुमच्या मनाला काय वाटत असेल याची मला कल्पना येते.

वन्सं, एक गोष्ट तीन वर्षं मनात आहे. हे म्हणतात, ताईसमोर तो विषय काढू नकोस, तिला रडू येतं. म्हणून आजवर गप्प राहिले. पण आज तुम्ही एवढं गमावल्यावर मला राहवेना. सासूबाईंचा हंडा तुम्ही आठवण म्हणून आम्हाला देऊन टाकलात, त्याबद्दल मी तुमचे साधे आभारही मानले नाहीत. कोणी दिला असता हो? तो आमच्या पुढच्या खोलीत दाराशेजारी ठेवलाय. दर आठवड्याला हे स्वतः घासतात, मला हात लावू देत नाहीत. आलंगेलं माणूस विचारतंच, आणि हे प्रत्येकाला तो पोचा दाखवून जिन्याची गोष्ट सांगतात. थप्पड तुम्ही खाल्लीत हेही सांगतात. अगदी भरून येऊन सांगतात.

तुमचं मन मोठं आहे. थोडे दिवस इकडे या. हंडाही बघाल, तुम्हाला बरं वाटेल.

थोरलेपणाची माया आहे ती कायम असावी.

तुमची धाकटी


१ ऑक्टोबर

चि. ठोक्यास,

अ. आ.

एकच विचारायचं आहे. इथल्या एका माणसाचं म्हणणं पडलं की तांबं उघड्यावर पावसात राहिलं की वर्षभरात काळपट होतं आणि मग त्यावर हिरवट झाक येते. ते लखलखत राहणं शक्यच नाही म्हणतो. शेवाळ झाड गेल्यावरही येतंय. तू या कामातला आहेस. नीट आठवून, सावकाश, मला खरं काय ते लिही.

तुझी ताई


७ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न.

त्या माणसाचं म्हणणं अर्धवट माहितीचं आहे. उघडं तांबं काळं पडतं हे बरोबर. पण तुझी पट्टी बसवण्याआधी मी तिच्यावर लाखेचा पातळ हात दिला होता, आईचा रंग टिकावा म्हणून. तुला सांगायचं राहून गेलं. त्या लाखेमुळेच कदाचित तांब्याचा अंश पाण्यात उतरत नसेल, एवढी माझी चूक झाली खरी. गुडघा बरा झाला की येतो आणि लाख खरवडून देतो. तोवर कोणाला हात लावू देऊ नकोस.

झाड गेलं तरी ओल मुरलेली असते, एक वर्ष वाट बघ. उगाच इकडच्या तिकडच्यांचं ऐकून जिवाला लावून घेऊ नकोस.

लोभात अंतर पडू नये.

तुझा ठोक्या


११ ऑक्टोबर

ठोक्या,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. तो आता नंतर बघू.

धाकटीचं पत्र मला २९ तारखेला मिळालं. तिला काही बोलशील तर माझ्याशी गाठ आहे. तिने माझे आभार मानलेत. आईचा हंडा दिल्याबद्दल! दोनदा वाचलं तरी मला अर्थ लागेना. मग खुर्चीत बसून तिसऱ्यांदा वाचलं. मग झाड उतरवणाऱ्याला निरोप पाठवला आणि त्याला वर चढवलं. हो, चढवलं. त्याने खिशातल्या किल्लीने पट्टी खरवडली आणि वरूनच हात हलवला. रंगाखाली जस्ताचा पत्रा. तांब्याच्या रंगाचा रंग, दोन हात, अगदी गुळगुळीत. तुझा हातच तो, फुशारकी मारावी असा.

हे सगळं मला कळलेलं होतं आणि तरीही मी तुला १ तारखेचं ते पत्र लिहिलं. का, माहीत आहे? मला वाटलं, विचारलं तर सांगेल. माझा भाऊ आहे, मी नीट विचारलं तर सांगेल. नऊ दिवस मी पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभी होते. आणि तू लाख पाठवलीस. ऑगस्टमध्ये आईच्या वेळचं तांबंच तसं होतं, ऑक्टोबरमध्ये लाखेचा हात दिला होता. आईलासुद्धा सोडलं नाहीस रे, तिच्याही नावावर एक थाप खपवलीस.

हंडा हवा होता तर मागायचास. मी दिला असता. देवाशपथ दिला असता, तोंड वाकडं करून दिला असता, चार दिवस अबोला धरला असता आणि मग विसरले असते. तू हंडा नेलास त्या दिवशी मी फाटकाशी उभी राहून रडले होते, तो कापला जाणार म्हणून. गाडीत तुझ्या मांडीवर तो होता आणि तू मला समजावत होतास. कशाबद्दल समजावत होतास? पट्ट्या घेऊन आलास तेव्हा मला हात लावू दिला नाहीस, म्हणालास धार आहे, कापेल. मी शिडी धरून उभी. तू वर ठोकत होतास आणि मी खालून बघून म्हटलं, आई वर बसली. तेव्हा तू मान खाली घातलीस. मला वाटलं तुलाही भरून आलं.

बरं, पत्रा खोटा लावलास. तो एक वेळ मी पोटात घातला असता. पण पत्रं खोटी लिहिलीस. मी कान गेलेली बाई, माझ्यापर्यंत माणसं येतात ती कागदावरूनच. तू लिहिलेलं मी बंद डोळ्यांनी खरं धरते हे तुला माहीत होतं. आणि पट्टी उघडी पडू नये म्हणून तू झाडावर बोट दाखवलंस. वीस वर्षं छपरांवर काढलीत, माझं ऐक, असं लिहिलंस. मी ऐकलं. ह्यांचं नाव काढून मला गप्प केलंस. भाऊजी असते तर तेही हेच म्हणाले असते! ह्यांना आठ वर्षं झाली जाऊन, त्यांच्या तोंडी घालायला तुला दुसरं काही मिळालं नाही?

आल्यागेल्याला तू माझी थप्पड सांगतोस म्हणे, भरून येऊन. लोकांना ती गोष्ट आवडत असेल. त्यांना पुढचीही सांग.

ताई


१६ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. तू घेणार नाहीस तरी.

आता लपवून काय करू? हंडा दुकानात नेला, खडूने रेघा आखल्या. काठापासून गोल गोल, फळाची साल काढावी तशा चार लांब पट्ट्या निघणार होत्या. आधी पोचा ठोकून सपाट करायचा होता, त्याशिवाय कात्री सरळ जात नाही. हातोडा उचलला आणि खाली आणवेना. तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी तुझा निरोप आला की कधी येतोस, तर मी समोरचा पत्रा कापला. मनात होतं की तुला सांगेन. मग रंग दिला. मग तू शिडी धरलीस आणि ते बोललीस, आई वर बसली म्हणून. त्यानंतर सांगायला तोंडच राहिलं नाही.

एक आणखी आहे, ते तू विचारलेलं नाहीस, पण सांगतो. जस्ताचा पत्रा नुसता उघडा ठेवला असता तरी शेवाळ बऱ्यापैकी हटलं असतं. जस्तसुद्धा त्याला सोसत नाही. रंगामुळे ते झाकलं गेलं. रंग दिला तो फक्त तुला कळू नये म्हणून. लाखेचं लिहिलं ती थाप होती.

धाकटीला मी सांगितलं होतं की तू हंडा दिलास. तिला काल खरं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही.

झाडाबद्दल मला काही लिहिता येत नाही. तीनदा लिहिलं आणि फाडलं.

हंडा आहे तसा घेऊन येतो आणि तुझ्या दारात ठेवून परत जातो. मला घरात घेऊ नकोस. तुझ्याच टेबलाशेजारी राहू दे तो, मला नको. तू म्हणशील त्या दिवशी येतो.

काय लिहून संपवू ते कळत नाही.

ठोक्या


२२ ऑक्टोबर

श्री. पत्रेकाम करणारे यांस,

स. न. वि. वि.

आपले १६ तारखेचे पत्र पोचले. हंडा परत नको आहे. त्याच्यासाठी मी एकदा रडून घेतले आहे, पुन्हा रडणार नाही.

माझ्या घराच्या उत्तरेच्या उतारावर तांब्याची पट्टी लावण्याचे काम तीन वर्षांपूर्वी आपल्याकडे दिले होते. ते पूर्ण करून द्यावे. सोमवारी सकाळी दहापर्यंत यावे, म्हणजे ऊन भरपूर असते. आता इथे ऊन दिवसभर असते.

हंडा अखंड आणावा. दुकानातून कापून आणलेले तांबे घेतले जाणार नाही. तो इथे अंगणात, माझ्यासमोर कापावा. मी खुर्ची टाकून बसेन. रेघा आखण्यापासून शेवटच्या पट्टीपर्यंत सगळे बघेन आणि प्रत्येक पट्टी हातात घेऊन बघेन. धार असली तरी बघेन.

पोचा ठोकून सपाट करू नये. तेवढा भाग वेगळा कापावा आणि तो बरोबर माझ्या टेबलाच्या वर येईल असा बसवावा. त्याच्याखाली शेवाळ आले नाही तर मला खालूनही कळेल.

जुना पत्रा काढून आपल्यासोबत न्यावा. पुढच्या खोलीत दाराशेजारी जागा रिकामी होईल, तिथे ठेवता येईल. आलेगेले विचारतील, त्यांना गोष्ट सांगावी.

शिडी आहे. ती धरायला माणूस आणावा, मी धरणार नाही. चहा मिळेल. धाकटीला आणलेत तर ती घरात उतरेल.

कळावे.

घरमालकीण

ता. क. हंडा कापायला ठोकळा आणू नये. अंगणात आहे, कमरेइतका, माथा सपाट.